तबकडी विकत घेण्याआधी

फ्रेडी मर्क्युरी पाचगणीत शिकला, हे आता बहुतेकांना माहीत आहे. झांझिबारमध्ये ५ सप्टेंबर १९४६ रोजी जन्मलेला फारोख बलसारा हा पारशी मुलगा आठव्या वर्षी सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात आला. तिथे पियानो शिकला. १९५८ मध्ये शाळेतल्या मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढून तो कार्यक्रमांत पियानो वाजवू लागला. पुढे लंडनला जाऊन तो काय झाला, हे जगाला ठाऊक आहे. २०१८ मध्ये त्याच्यावरचा 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हा चित्रपट आला आणि आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या वैराग-बार्शीकडची कॉलेजची मुलंही त्याच्या क्वीन या बँडची गाणी ऐकू लागली. ऐकता ऐकता त्यांतल्या काहींना तबकडीचा नाद लागतो. मग ती विचारतात, क्वीनचा पहिला अल्बम, तोही १९७३ सालचा मूळ विनाइल, मिळेल का? मिळाला तर तो खरा की खोटा, हे कसं ओळखायचं?

प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर देता येतं. ते उत्तर एकदा नीट समजलं की आपल्याच घराच्या माळ्यावर धूळ खात पडलेली मराठी रेकॉर्ड हातात घेऊनही तिची जन्मकथा वाचता येते. सगळा आधार एका गोष्टीचा आहे. तबकडीचं वय तिच्या मुखपृष्ठावर नसतं. गाणं संपल्यानंतर मधल्या कागदी लेबलापर्यंत जी गुळगुळीत काळी पट्टी उरते, त्या पट्टीत ते कोरलेलं असतं. संग्राहक तिला रनआऊट म्हणतात. पैसे देण्याआधी ती पट्टी वाचायची सवय लावून घ्या.

आधी त्या अल्बमची हकिगत थोडक्यात. क्वीनचे चौघे, म्हणजे फ्रेडी, ब्रायन मे, रॉजर टेलर आणि जॉन डीकन, १९७१ मध्ये एकत्र आले. लंडनच्या सोहो भागात ट्रायडंट नावाचा स्टुडिओ होता. मोठ्या गायकांची कामं आटोपल्यावर जो वेळ रिकामा राही, त्या वेळेत, अनेकदा रात्री उशिरा, या मुलांनी आपला अल्बम ध्वनिमुद्रित केला. ध्वनिमुद्रण १९७२ मध्येच बरंचसं झालं, पण कंपनी मिळेना. शेवटी ईएमआयने १३ जुलै १९७३ रोजी तो इंग्लंडमध्ये काढला. त्याचा क्रमांक ईएमसी ३००६. अमेरिकेत तो सप्टेंबर १९७३ मध्ये इलेक्ट्रा कंपनीने काढला, क्रमांक ईकेएस ७५०६४. अल्बमच्या आठवडाभर आधी त्यातलं एक गाणं छोट्या तबकडीवर आलं होतं, ते अजिबात चाललं नाही. अल्बमही सुरुवातीला रेंगाळला. १९७४ मध्ये दुसऱ्या अल्बममधलं गाणं लोकप्रिय झालं, तेव्हा लोक मागे वळून पहिल्याकडे आले आणि तो इंग्लंडच्या यादीत २४ व्या क्रमांकापर्यंत चढला. ऑक्टोबर १९७५ मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गाणं आलं, नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि मग जुन्या अल्बमलाही मागणी सुरू झाली.

हा इतिहास संग्राहकाने लक्षात ठेवायचा, कारण किमतीची मेख त्यात आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात विकल्या गेलेल्या प्रती थोड्या. नंतर प्रसिद्धी मिळाल्यावर छापल्या गेलेल्या प्रती पुष्कळ. दोन्हींचं चित्र एक, गाणी एक, आणि क्रमांकही तोच, ईएमसी ३००६. त्यामुळे विक्रेता 'ओरिजिनल १९७३' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असेलच असं नाही. त्याने मागच्या बाजूला छापलेलं साल वाचलेलं असतं. पण ते साल गाण्याच्या प्रकाशनाचं, त्या विशिष्ट तबकडीच्या जन्माचं नव्हे. गोल कंसातलं इंग्रजी पी हे ध्वनिमुद्रण-हक्काचं चिन्हही हेच सांगतं: ध्वनिमुद्रण पहिल्यांदा केव्हा प्रकाशित झालं. १९७३ ची खूण असलेली तबकडी १९८० मध्ये छापलेली असू शकते.

मग बघायचं कुठे? तबकडी उजेडात तिरकी धरा आणि ती काळी पट्टी डोळ्यांजवळ आणा. मोबाईलचा टॉर्च बाजूने मारला की अक्षरं उठून दिसतात.

त्या अक्षरांमागची रीत समजून घ्या. गाणं आधी लॅकरच्या मऊ तबकडीवर कोरतात. तिच्यावर धातूचा थर चढवून उलटा ठसा घेतात, त्याला मास्टर म्हणतात. मास्टरवरून मदर तयार होते आणि मदरवरून स्टॅम्पर. हा स्टॅम्पर यंत्रात बसवून गरम विनाइलचा गोळा दाबला की तबकडी निघते. एका स्टॅम्परवर मर्यादितच तबकड्या निघतात, मग तो झिजतो आणि नवा लावतात. म्हणून स्टॅम्परचा क्रमांक जितका लहान, तितकी ती तबकडी छपाईच्या सुरुवातीच्या दिवसांतली, हा सर्वसाधारण ठोकताळा.

ईएमआयच्या इंग्लंडमधल्या, हेज इथल्या कारखान्याची खूण ठेवण्याची पद्धत तर फारच पद्धतशीर होती. घड्याळाच्या तबकडीसारखी कल्पना करा. मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या बाजूचा मूळ क्रमांक, सहाच्या जागी असतो. त्याच्या शेवटी '१यू', '२यू' असं काही असेल, तर ते कितव्या लॅकरवरून काम झालं ते सांगतं. नऊच्या जागी एक छोटा आकडा दिसतो, तो मदरचा. तीनच्या जागी एक-दोन इंग्रजी अक्षरं दिसतात, तो स्टॅम्परचा क्रमांक, पण अक्षरांत लिहिलेला. ग्रामोफोन लिमिटेड या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधून दहा अक्षरं घेतली होती: जी म्हणजे १, आर म्हणजे २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे शून्य. तीनच्या जागी नुसतं 'जी' असेल तर पहिला स्टॅम्पर. 'जीआर' असेल तर बारावा. 'आरओ' असेल तर पंचविसावा. ही अक्षरं वहीत लिहून ठेवा, पाठच करा. विक्रेत्याने पट्टीचा फोटो पाठवला की दोन मिनिटांत तुम्हाला अंदाज येईल की तो १९७३ च्या जुलैतला माल दाखवतोय की नंतरचा. ही रीत फक्त क्वीनपुरती नाही. इंग्लंडच्या ईएमआय-पार्लोफोनच्या बीटल्सच्या तबकड्याही याच खुणांनी वाचता येतात.

एक सावधगिरी इथेच सांगतो. पट्टीवरचा लहान आकडा हा सुरुवातीच्या छपाईचा भक्कम पुरावा आहे, पण एकटा पुरेसा नाही. लेबलाची रचना, लेबलाच्या कडेने छापलेली बारीक ओळ आणि मुखपृष्ठाचा कागद हे सगळं एका काळाशी जुळायला हवं. लेबल वेगळ्या काळातलं आणि पट्टीवर 'जी', अशी विसंगती दिसली तर खरेदी थांबवा आणि विचारा. बीटल्सचा पहिला अल्बम 'प्लीज प्लीज मी' २२ मार्च १९६३ रोजी आला. त्याच्या अगदी पहिल्या प्रतींवर काळ्या-सोनेरी रंगाचं पार्लोफोन लेबल असतं आणि गाण्यांच्या प्रकाशकाच्या जागी डिक जेम्स म्युझिकचं नाव असतं. थोड्याच काळात तिथे नॉर्दर्न साँग्ज हे नाव आलं आणि लेबलही बदललं. एका नावाच्या फरकाने जगभरचे संग्राहक किंमत अनेक पटींनी बदलतात. म्हणून बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा करू नका.

नकली आणि नव्या प्रती ओळखायला सोप्या खुणाही आहेत. आवरणावर बारकोड असेल तर ती प्रत १९७३ ची नाही, कारण तबकड्यांच्या आवरणांवर बारकोड आला तो साधारण १९८० च्या सुमारास. वेबसाइटचा पत्ता, 'रीमास्टर्ड' हा शब्द, १८० ग्रॅम वजनाचा उल्लेख, रंगीत पारदर्शक विनाइल, यांतलं काहीही दिसलं तर ती पुनरावृत्ती समजा. ऑक्टोबर २०२४ मध्ये क्वीनने हाच अल्बम 'क्वीन १' या नावाने नव्याने मिसळून काढला. त्यात १९७३ मध्ये वगळलेलं 'मॅड द स्वाइन' हे गाणं परत घातलं आहे. गाण्यांच्या यादीत हे नाव दिसलं की हातात १९७३ ची तबकडी नाही, एवढं नक्की. ही नवी प्रत वाईट आहे असं मात्र मुळीच नाही. ऐकण्यासाठी ती उत्तम आहे, आणि ज्याला फक्त ऐकायचं आहे त्याने तीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिलं प्रेसिंग, म्हणजे पहिली छपाई, त्याने शोधावी, ज्याला त्या वस्तूचाच इतिहास हवा आहे.

मूळ आवरणावर वाचण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. जॉन डीकनचं नाव तिथे 'डीकन जॉन' असं उलटं छापलं आहे. आणि या अल्बमवर कुणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही, अशी टीप दिली आहे, कारण गिटारचे थर ऐकून लोकांना ती यंत्राची करामत वाटेल अशी बँडला धास्ती होती. वाचून आनंद घ्या, पण पहिल्या छपाईचा पुरावा म्हणून यावर विसंबू नका. आवरणाची छपाई पुढेही तीच वापरली जाते.

याच अल्बमच्या काही दिवस आधी फ्रेडीच्या आवाजातली एक छोटी तबकडी ईएमआयने काढली होती, 'लॅरी लुरेक्स' या खोट्या नावाने, क्रमांक ईएमआय २०३०. ती खपली नाही, आणि म्हणूनच आज दुर्मिळ आहे. तिच्या नकली प्रती बाजारात फिरतात. नवशिक्याने या वाटेला जाऊ नये. अनुभवी संग्राहकाला प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय तिच्यावर एक रुपयाही घालू नये.

आता अवस्थेविषयी. परदेशातला विक्रेता तबकडीचा दर्जा इंग्रजी अक्षरांत लिहितो आणि आपले लोक तिथे फसतात. 'गुड' म्हणजे चांगली, असं समजून पैसे पाठवतात. तबकड्यांच्या बाजारात 'गुड' म्हणजे ओरखडे भरलेली, सतत खरखर करणारी तबकडी. ऐकायला घ्यायची तर किमान 'व्हीजी प्लस', म्हणजे 'व्हेरी गुड प्लस', हवी, आणि 'निअर मिंट' लिहिलेली असेल तर फोटोंवरून तसं खरंच दिसतं का ते पाहा. तबकडीचा आणि आवरणाचा दर्जा वेगवेगळा लिहिलेला असतो, दोन्ही वाचा. वैरागच्या आडतीत माल घेणारा कुणी बारदान बघून तुरीचा भाव ठरवत नाही, मूठभर दाणे तळहातावर घेतो. तबकडीच्या बाबतीतही आवरणाच्या चकचकीतपणावर भाव देऊ नका.

परदेशातून मागवायची असेल तर हे करा. डिस्कॉग्ज या ऑनलाइन सूचीत त्या अल्बमच्या प्रत्येक आवृत्तीचं वेगळं पान असतं. विक्रेत्याने कोणत्या पानाखाली तबकडी लावली आहे ते पाहा आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागा. फोटो न देणाऱ्याकडून घेऊ नका. तबकडी आवरणाच्या आत न ठेवता, वेगळ्या पांढऱ्या पाकिटात घालून आवरणाच्या मागे ठेवून पाठवा, अशी विनंती करा. नाहीतर प्रवासात तबकडीची कड आवरणाची शिवण फाडते. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच किंमत ठरवा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढून ठेवा, पुढे काही वाद झाला तर उपयोगी पडतो.

आणि आता माझ्या मते जास्त महत्त्वाचा भाग. ज्याला तबकड्यांचा खरा नाद लागला आहे, त्याने लंडनची तबकडी मागवण्याआधी आपल्या तालुक्याचा माळा धुंडाळावा. इंग्लंडमध्ये क्वीन काढणारी ईएमआय आणि आपली 'कुत्र्याच्या चित्रा'ची एचएमव्ही ही एकाच घराण्यातली. ग्रामोफोन कंपनीचा भारतातला कारखाना कोलकात्याजवळ दमदम इथे होता. इथूनच मराठी तबकड्या बनून यायच्या. ही कंपनी पुढे सारेगामा झाली.

वैराग, बार्शी, मोहोळ, माढा या पट्ट्यात तबकड्या कुणाकडे होत्या? घराघरांत नव्हत्या. घरी ग्रामोफोन असणारी माणसं मोजकीच, वाड्यातली किंवा व्यापारी. तबकड्यांचा खरा साठा होता लाऊडस्पीकरवाल्यांकडे. लग्न, संतनाथ महाराजांची यात्रा, गणपती, पारायण, कुस्त्यांचा फड, काहीही असलं की लाऊडस्पीकरवाला आहुजाचा अॅम्प्लिफायर, भोंगे, चेंजर आणि तबकड्यांची लोखंडी पेटी घेऊन यायचा. तंबूतले सिनेमावाले खेळ सुरू होण्याआधी गावभर ऐकू जाईल अशा रेकॉर्डी लावायचे. कॅसेट आली, मग सीडी आली, मग पेनड्राइव्ह. पेट्या माळ्यावर गेल्या, काही भंगारात गेल्या. त्या कुटुंबांतली आजची पिढी डीजेचा व्यवसाय करते, पण आजोबांची पेटी कुठे आहे हे त्यांना अनेकदा माहीत असतं. आदराने विचारा. 'काका, जुन्या तबकड्या विकणार का?' असं दारातच विचारू नका. आधी बसा, आजोबांच्या काळातल्या जत्रांच्या गोष्टी ऐका. पेटी आपोआप खाली येते.

या पेट्यांतल्या तबकड्या एका कारणाने सावधपणे घ्याव्या लागतात. त्या फार वाजलेल्या असतात, त्याही जड टोनआर्मच्या आणि झिजलेल्या सुईच्या खाली. चर राखाडी दिसत असेल, गायक आवाज चढवतो तिथे तो फाटत असेल, तर ती झीज आहे. धुऊन ती जात नाही. पण इतिहास म्हणून तीही ठेवण्यासारखी असते. लेबलावर लाऊडस्पीकरवाल्याने शाईने घातलेला आपला क्रमांक किंवा दुकानाचा शिक्का असेल तर तो पुसू नका. परदेशी बाजारात त्याने किंमत कमी होते. आपल्याकडे मात्र ती तबकडी कोणत्या गावात वाजली याची ती नोंद आहे.

आपल्या भागातून काय सापडू शकतं? शाहीर अमर शेख बार्शीचे, जन्म २० ऑक्टोबर १९१६. प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याकडचे, ज्यांची विठ्ठलगीतं आणि भीमगीतं या पट्ट्यातल्या प्रत्येक भोंग्यावरून वाजली. या दोघांच्या सुरुवातीच्या तबकड्या सोलापूर जिल्ह्यातल्या संग्राहकाने शोधायच्या नाहीत तर कुणी? मराठीत गायकाचा पहिला अल्बम असा शोध घेताना एक लक्षात ठेवा. जुन्या पिढीतल्या गायकाचं पदार्पण अल्बमने होत नसे. दोन गाण्यांच्या, दर मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीने होत असे. भावगीताची सुरुवात ज्यांच्या गाण्याने झाली असं मानतात, ते जी. एन. जोशी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ना. घ. देशपांडे यांची कविता गाऊन घरोघर पोचले, तेही अशाच तबकडीवरून. म्हणून मराठी संग्राहकाला एलपीबरोबर, म्हणजे अल्बमच्या विनाइल तबकडीबरोबर, ७८ ची भाषाही शिकावी लागते.

७८ ची तबकडी लाखेपासून बनते, विनाइलपासून नाही. ती जड असते, हातातून पडली की फुटते. तिच्या चरी रुंद असतात. एलपीची चर फार बारीक असते आणि तिची सुई टोकाला एक हजारांश इंचाहूनही बारीक, तर ७८ ची सुई तिच्या तिप्पट-चौपट जाड. म्हणून एलपीच्या सुईवर ७८ वाजवू नका, आणि चावीच्या ग्रामोफोनवर, पोलादी पिनेखाली, एलपी तर कधीच ठेवू नका. एका फेरीत ती कायमची खराब होईल. चावीच्या ग्रामोफोनवर ७८ वाजवताना दर बाजूला पीन बदलायची, हा जुना नियम आजही पाळा. बाजारात मिळणारे स्वस्त सूटकेसछाप प्लेअर तबकडीवर जास्त वजन टाकतात. रोजच्या ऐकण्यासाठी दोन ग्रॅमच्या आसपास वजन ठेवता येणारा, वजन बदलता येणारा टर्नटेबल घ्या. जुना एचएमव्ही फिएस्टा सापडला तर तो दुरुस्त करून जरूर ठेवा, पण महागडी तबकडी त्यावर वाजवू नका.

आणखी एक उलटी गोष्ट. आपल्याकडे परदेशी पॉपच्या ७८ सापडल्या तर त्या हलक्या समजू नका. इंग्लंड-अमेरिकेत ७८ बंद होत आल्या तेव्हाही दमदमचा कारखाना त्या काढत होता. १९६० च्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ वर निघाली. जगातल्या संग्राहकांना त्यांची फार ओढ आहे. लाऊडस्पीकरवाल्याच्या पेटीत पार्लोफोनचं लेबल दिसलं तर ती तबकडी दोन्ही हातांनी उचला.

एलपीमध्ये सगळ्यांत जास्त हाती येणारी मराठी वस्तू म्हणजे 'गीतरामायण'चा संच. इथेही पहिलं कोणतं आणि नंतरचं कोणतं, यात गल्लत होते. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ पासून सुरू झालं. ५६ गाणी, अनेक गायक: माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे आणि इतर. एचएमव्हीचा दहा तबकड्यांचा संच नंतर आला, त्यात सगळी गाणी बाबूजींच्या, म्हणजे फडक्यांच्या, एकट्याच्या आवाजात आहेत. म्हणून 'आकाशवाणीचं ओरिजिनल गीतरामायण' असं सांगून कुणी तो एलपी संच विकत असेल तर ते चूक आहे. संच घेताना दहाच्या दहा तबकड्या आहेत का, आणि दहाही एकाच काळच्या लेबलाच्या आहेत का, ते मोजून पाहा. हरवलेल्या तबकडीच्या जागी नंतरच्या छपाईची घालून संच पुरा केलेला बरेचदा दिसतो. ऐकायला हरकत नाही, पण पहिल्या छपाईचा भाव देऊ नका.

भारतीय एचएमव्हीच्या क्रमांकांत ईसीएलपी, ईएएलपी ही अक्षरं मोनोसाठी, ईसीएसडी, ईएएसडी ही स्टिरिओसाठी. जुन्या भावगीतांच्या तबकडीवर ईसीएसडी दिसलं, तर ते गाणं मुळात मोनोत मुद्रित होऊन पुढे स्टिरिओच्या नावाखाली पुन्हा काढलेलं नाही ना, याची चौकशी करा. आपल्याकडेही एकच क्रमांक वर्षानुवर्षं चालत असे, म्हणून लेबलाची रचना आणि काळी पट्टी पाहणं इथेही आलंच. हेजची अक्षरं दमदमच्या तबकडीवर मिळतीलच असं मात्र धरून चालू नका. तिथे एकाच गाण्याच्या दोन प्रती समोरासमोर ठेवून तुलना करणं हाच खरा मार्ग.

जपणुकीबद्दल. कोकणातल्या आणि मुंबईतल्या तबकड्यांना बुरशीचा त्रास होतो, आपल्याकडे उष्णतेचा. मे महिन्यात वैरागला पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत आडव्या रचलेल्या एलपी एका उन्हाळ्यात वाकतात, आणि वाकलेली तबकडी सरळ करण्याचे घरगुती उपाय तिचा शेवटच करतात. माळवदाचं घर असेल तर ते थंड राहतं, हे मोठं सुख. पण माती झडते, म्हणून कपाट बंद हवं आणि भिंतीला लागून नको, वाळवी लागते. तबकड्या उभ्या ठेवा, फार घट्ट नाही, तिरक्याही नाहीत. प्लास्टिकच्या जुन्या चिकट पिशव्या काढून टाका, उन्हाळ्यात त्या विनाइलला चिकटतात. आत चांगल्या कागदाचं किंवा पॉलिथिनचं पाकीट असू द्या.

धुवायला बोअरचं पाणी नको. आपल्याकडचं पाणी क्षारांचं, वाळल्यावर चरीत पांढरा थर राहतो. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते आणा. त्यात सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ कापड, चरीच्या दिशेने गोल हात, लेबलाला पाणी न लावता. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून सावलीत उभी वाळवा. एलपीसाठी पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. ७८ ला अल्कोहोल किंवा स्पिरिट कधीही लावू नका, लाख त्यात विरघळते आणि गाणं जातं.

हे सगळं एकट्याने शिकायचं कारण नाही. मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'द रेकॉर्ड न्यूज' हे तिचं नियतकालिक चालवून भारतीय तबकड्यांच्या याद्या, गायकांची माहिती आणि लेबलांचा इतिहास जमवला. ते अंक मिळवून वाचा. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार इथेही एकदा फिरा, पण पहिल्याच फेरीत काही विकत घेऊ नका. विक्रेत्यांशी बोला, लेबलं बघा, पट्ट्या वाचा, डोळा तयार होऊ द्या.

आणि वैराग परिसरातल्या लाऊडस्पीकरवाल्या कुटुंबांना, जुन्या वाड्यांच्या वारसदारांना एक विनंती. पेटी भंगारवाल्याला किलोवर द्यायची वेळ आलीच, तर त्याआधी एक संध्याकाळ काढा. प्रत्येक तबकडीच्या दोन्ही लेबलांचा आणि काळ्या पट्टीचा मोबाईलवर फोटो घ्या. ती कुणाची होती, कोणत्या गावांत वाजायची, हे घरातल्या थोरांना विचारून वहीत लिहा. ती वही गावच्या वाचनालयात द्या, आणि तबकड्या तुमच्या गावातल्या त्या एखाद्या मुलाला द्या, जो मोबाईलवर क्वीन ऐकतो आणि पहिली तबकडी कुठे मिळेल म्हणून विचारतो.